डावखुरा टाका

लोक किती खोटं बोलतात ते वकिलाला विचारू नका, मला विचारा. ऑनलाइन विकलेले आणि गिऱ्हाइकांनी परत पाठवलेले कपडे जिथे येतात, त्या खोलीत मी सहा वर्षं काढली. फॉर्मवर लिहिलेलं असतं, 'साइज लहान झाला, घातलाच नाही.' आणि कॉलर नाकाशी नेली की अत्तर, घाम, तोंडाची पावडर, सगळं हजर. माणसाला खोटं बोलता येतं हो, कॉलरला नाही येत. एकदा एका काळ्या झग्याच्या घडीत केकचा तुकडा सापडला होता, चांगला चेरीसकट. बाईंनी कारण लिहिलं होतं, 'रंग फोटोसारखा नाही.' मी म्हटलं, बाई, केकचा तरी रंग आवडला का?

खोलीत बारा टेबलं. प्रत्येक टेबलावर पांढरा दिवा, नंबर वाचायचं यंत्र आणि समोर पडदा. गिऱ्हाइकाचं नाव दिसत नाही, फक्त पार्सलचा नंबर, विकणाऱ्याचा नंबर आणि तीन चौकोन: नवं, वापरलेलं, फाटकं. एक चौकोन दाबायचा, कपडा त्या गाडीत टाकायचा, पुढचा घ्यायचा. ज्याचं काही ठरत नाही तो लाल क्रेटमध्ये ठेवायचा, पण पाळी संपायच्या आत क्रेट रिकामा झाला पाहिजे. 'नवं' दाबलं की गिऱ्हाइकाला रिफंड मिळतो, आणि विकणाऱ्याच्या नावावर 'माल परत आला' अशी नोंद होते. 'वापरलेलं' दाबलं की रिफंड नाही, गिऱ्हाइकाच्या खात्यावर शेरा पडतो, आणि विकणाऱ्याच्या नावाला काही लागत नाही. काम एवढंसंच. पण त्या चौकोनावर कुणाचं तरी पोट असतं, हे मला तिथं पाऊल टाकायच्या आधीपासून माहीत होतं.

कारण माझी आई. आई डावखुरी, आणि डाव्या हातानं असं शिवायची की उजव्या हातवाल्यांनी तोंडात बोट घालावं. दोरा आधी मेणबत्तीवर दोनदा ओढून घ्यायची, म्हणजे तो गुंतत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो. बाबा गेल्यावर तिनं लहान मुलींचे फ्रॉक शिवून ऑनलाइन विकायला सुरुवात केली. प्रत्येक फ्रॉकबरोबर चिठ्ठी असायची, 'काही कमी-जास्त असेल तर आधी मला कळवा, मी दुरुस्त करून देईन.' पहिलं वर्ष बरं गेलं. मग लोकांना युक्ती सापडली. वाढदिवसाला फ्रॉक मागवायचा, मुलीला घालायचा, फोटो काढायचे आणि 'साइज चुकला' म्हणून परत. त्या वेळी या टेबलांवर जे कोण बसत होते, त्यांनी एकदाही अस्तर उलटं करून पाहिलं नाही. सगळं आपलं 'नवं', 'नवं', 'नवं'. आई परत आलेले फ्रॉक धुवायची, इस्त्री करायची, पण नवे म्हणून पुन्हा विकायची नाही. "घातलेला आहे गं तो," म्हणायची आणि ट्रंकेत ठेवायची.

मग एक दिवस मेसेज आला. आईला तेव्हाच बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, म्हणून मी वाचून दाखवला. 'आपला माल वारंवार परत येत असल्यामुळे आपलं विक्रीचं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.' आईनं मला तो दोनदा वाचायला लावला. मग उठली आणि शिवणयंत्रावर झाकण घातलं. मी नंतर खास यंत्रावर लावायचा दिवा मागवला, त्यासाठी आईच्या नावानं खरेदीचं नवीन खातं उघडून दिलं. दिवा आला, यंत्राच्या वर भिंतीला लागला, पण झाकण काही निघालं नाही.

त्याच रागात मी ही नोकरी धरली. माझ्या टेबलावरून घातलेला कपडा 'नवा' म्हणून कधी गेला नाही. पोरी मला फौजदारीण म्हणायच्या. शेजारच्या टेबलावर मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले, ते हसून म्हणायचे, "फौजदारीणबाई, कधीतरी संशयाचा फायदा द्या हो." मी म्हणायची, "मास्तर, तुम्ही कॉपी करणाऱ्याला देत होतात का?" खरं सांगते, मला ते नाव आवडायचं.

कामावर घेताना एक कागद भरून घेतात. घरात कुणाकुणाची खाती आहेत ते लिहायचं. घरातल्या कुठल्याही खात्यावर 'वापरून परत केलं' असे तीन शेरे पडले, तर ते खातं कायमचं बंद आणि त्या घरातलं माणूस कामावरून कमी. मी माझं आणि आईचं खातं लिहिलं आणि डोळे झाकून सही ठोकली. आमच्या घरात आम्ही तिघी, आई, मी आणि माझी धाकटी बहीण. आमच्यात कोण असलं काही करणार? घरी मी त्या नियमाबद्दल एका शब्दानं बोलले नाही. गरजच काय, अशी माझी मिजास.

त्या नोकरीवर घर चालत होतं, ते तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट होती. आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, पुढच्या महिन्यात, कंपनीच्या विम्यातून. डॉक्टर म्हणाले होते, आता लांबवू नका. मी कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला होता आणि आई रोज त्या गोलावर बोट फिरवायची, अक्षर दिसत नसलं तरी.

तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी एक कोट आला. बायकांचा, करडा, ऑफिसात घालायचा. कारण, 'खांद्यात ढगळ.' टॅग जागच्या जागी. कॉलर नाकाशी नेली, काही नाही, चांगला वाऱ्यावर टाकलेला असावा. खिसे रिकामे. बाह्या स्वच्छ. माझं बोट 'नवं'वर गेलंसुद्धा होतं. पण सवय म्हणून डावा हात आत घातला आणि अस्तरावरून फिरवला. उजव्या बगलेपाशी बोट थांबलं. शिवणीवरून ते घसरत होतं, जरा चिकट, जरा गुळगुळीत. मेण.

मी अस्तर उलटं करून दिव्याखाली धरलं. चार बोटं लांबीची शिवण उसवलेली होती आणि ती पुन्हा घातली होती. डोळ्यांनी बघणाऱ्याला मुळातलीच वाटावी इतकी बारीक. फक्त टाके उलट्या अंगाला झुकलेले होते. शेवटी दोन आडवे टाके एकमेकांवर, आणि गाठ घडीच्या पोटात लपवलेली. लहानपणापासून माझ्या प्रत्येक गणवेशाच्या काखेत मी ती गाठ बघितली होती.

आधी वाटलं, छे, आईला सुईचं नेढंही दिसत नाही, ती कशी शिवेल? मग लक्षात आलं, तिला दिसायची गरजच नाही. कुणी दोरा ओवून दिला की पुढचं तिच्या बोटांना पाठ आहे. आणि दोरा ओवून द्यायला घरात दिवसभर एकच माणूस असतं.

मी कोट लाल क्रेटमध्ये ठेवला आणि जिन्यात जाऊन धाकटीला फोन लावला.

"ताई? आत्ता फोन? जेवलीस का?"

"करडा कोट कुठून आणला होतास?"

"कुठला कोट?"

"माझ्याशी शहाणपणा करू नकोस. उजव्या बगलेत उसवला होता, आईनं शिवलाय. आत्ता माझ्या क्रेटमध्ये पडलाय तो."

मग ती म्हणाली, "आईला सांगू नकोस." पहिलं वाक्य हे. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"आधी मला सांग, मग आईचं बघू."

तिनं सांगितलं. वर्षभर ती नोकरीसाठी मुलाखती देत होती, ते मला माहीत होतं. पहिल्या मुलाखतीला ती आपल्या साध्या कपड्यांत गेली, तर दारावरचा माणूस म्हणाला, सफाईवाल्यांचं दार मागच्या बाजूला आहे. हे मात्र तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक मुलाखतीला आईच्या खात्यावरून एक कोट यायचा, एक दिवस अंगावर चढायचा आणि परत जायचा. हा चौथा. खुर्चीच्या हाताला अडकून तो उसवला. आईला तिनं सांगितलं होतं की मैत्रिणीचा आहे.

"मी म्हटलं राहू दे, एवढंसं तर उसवलंय. ऐकेचना. म्हणाली, दुसऱ्याची वस्तू फाटकी परत करायची नसते. मेणबत्ती शोधायला लावली मला."

"खात्यावर शेरे पडलेत का?"

"दोन. पण तीन झाले तर फक्त खातं बंद होतं ना? आईला कुठं काय मागवायचं असतं?"

मग मी तिला नियम सांगितला. ती रडायला लागली. "शपथ, मला नव्हतं माहीत. ताई, तू 'नवं' दाब. एकदाच. आईचे डोळे आहेत गं."

मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि मागचे दोन शेरे? ते कुणी मारले असतील? मध्यंतरी माझ्या टेबलावर आलेला एक काळा कोट मला आठवला. त्याला आमच्या घरातल्याच साबणाचा वास होता. मी मास्तरांना म्हटलंही होतं, "बघा, आमचाच साबण वापरतात, पण अक्कल नाही," आणि हसत 'वापरलेलं' दाबलं होतं.

जेवण गेलं नाही. क्रेटमधला बाकीचा माल मी भराभर उरकला, तो कोट तेवढा राहिला. शेवटी मी तो मास्तरांच्या टेबलावर टाकला. "जरा बघा हो तुम्ही. माझं डोकं चालत नाही आज."

मास्तरांनी चष्मा नाकावर चढवला. कॉलर बघितली, खिसे उलटे केले, अस्तरावरून हात फिरवला, अगदी बगलेपर्यंत. "अहो, नवाच आहे की. कोरा करकरीत. आज फौजदारीणबाईंना झालंय काय? असू द्या, मी मारतो 'नवं'. माझ्या नंबरावर जाऊ दे."

बस्स. एवढंच होतं. मी मान हलवायची होती. माझं बोट लागलं नसतं, माझं नाव लागलं नसतं, या जगात कुणालाही कळलं नसतं. आईच्या ज्या हातानं आम्हाला अडकवलं होतं, त्याच हातानं इतकं बारीक काम केलं होतं की तेच आता आम्हाला वाचवत होतं. मास्तरांनी कोट यंत्राखाली धरला, पडदा उजळला, आणि विकणाऱ्याच्या नंबरापुढची पिवळी खूण दिसली, मघाशी ती माझ्या नजरेतून सुटली होती. पिवळी खूण म्हणजे यांचा माल फार परत येतोय, आणखी एकदोनदा आला की खातं बंद.

कोट ज्या खोक्यातून परत आला होता, त्यात एक चिठ्ठीही होती. धाकटीनं ती बाहेर काढलीच नव्हती. हातानं लिहिलेली, 'आम्ही दोघी मावशी-भाची मिळून शिवतो. कुठं उसवलं, सैल झालं, तर परत करायच्या आधी आम्हाला सांगा. शिवून देऊ.'

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं म्हणतात ना, तसं झालं माझं. एका बाजूला कॅलेंडरवरचा तो गोल. दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी घरात दोन बायका, ज्यांचं तोंड मी कधी पाहणार नाही, आणि ज्यांच्याकडे उद्या तसाच मेसेज येईल. कुणीतरी तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवेल. आईचे डोळे मला प्यारे नव्हते असं नाही. त्या क्षणी मला माझी नोकरी, माझी मिजास, धाकटी, सगळ्यांचा संताप आला होता आणि आईची माया दाटून आली होती.

"मास्तर, थांबा," मी म्हटलं. "द्या इकडे."

"का हो?"

"घातलेला आहे तो."

मी कोट माझ्या यंत्राखाली धरला आणि 'वापरलेलं' दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'उजव्या बगलेत अस्तर हातानं शिवलेलं.' मास्तरांना काही कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी धाकटीनं दारातच विचारलं, "काय दाबलंस?" मी सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. आईनं आतून विचारलं, "काय गं, भांडताय कशाला?" आम्ही दोघी एकदम म्हणालो, "काही नाही." करड्या कोटातल्या त्या मुलाखतीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. धाकटीला घेतलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी बोलावलं. आमच्या पाळीच्या प्रमुख, बाई सज्जन, पण कागदापुढे त्यांचंही काही चालत नाही. माझा सहा वर्षांपूर्वीचा कागद त्यांच्या समोर होता.

"हा नंबर तुम्हीच तपासलात?"

"हो."

"खातं तुमच्या आईचं आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "माझ्याकडे आला असता तर मला ती शिवण दिसलीही नसती. कुणालाच दिसली नसती. मग कशाला दाबलंत हो?"

मी ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. त्या म्हणाल्या, "विम्याचं मी वरती विचारलं. नाही जमत." त्यांनी विचारलं होतं हेच पुष्कळ. मास्तर दारापर्यंत पोचवायला आले. तोवर त्यांना सगळं समजलं होतं. आपला डबा त्यांनी माझ्या हातात कोंबला.

भर दुपारी मी घरी पोचले. आई खिडकीपाशी बसली होती, फोन हातात धरून, डोळ्यांपासून कधी लांब, कधी जवळ. धाकटी तिच्या समोर उभी होती, पांढरीफटक.

"बरं झालं आलीस," आई म्हणाली. "मेसेज आलाय काहीतरी. हिला वाच म्हटलं तर हिचा घसाच बसलाय. बघ गं काय आहे."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. तिची मान नाही नाही म्हणून हलत होती. मी म्हणू शकले असते, जाहिरात आहे, आई, पुसून टाक. पण ज्या तोंडानं पहिला मेसेज वाचला, त्याच तोंडानं मी हाही वाचला. 'आपल्या खात्यावरून माल वापरून परत केल्याचं तिसऱ्यांदा आढळल्यामुळे आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.'

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

मी पुन्हा वाचला.

आईची बोटं पदराचं टोक चाचपत होती. मग म्हणाली, "म्हणजे तो कोट मैत्रिणीचा नव्हता."

धाकटी तिच्या पायाशी बसली आणि मांडीत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण तिला दूरही केलं नाही.

"कुणाला सापडला टाका?" आईनं विचारलं.

"मला."

"आणि तू लिहिलंस?"

"मी लिहिलं. नोकरी गेली, आई. ऑपरेशनचंही आता..."

आईनं हात पुढं केला. मला वाटलं, आता मारेल, आणि मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. तिनं माझा हात शोधला, पालथा केला, आणि बोटांची टोकं एकेक करून चाचपली, कापडाचा पोत बघते तशी.

"माझ्या वेळी त्या टेबलावर तू असायला हवी होतीस," ती म्हणाली.

मग मीही खाली बसले आणि तिच्या दुसऱ्या मांडीवर डोकं ठेवलं. सहा वर्षांत मी पहिल्यांदा रडले. थोड्या वेळानं आईनं दोघींना उठवलं आणि धाकटीला सांगितलं, यंत्रावरचं झाकण काढ, आणि तुझ्या ताईनं आणलेल्या डब्यात काय आहे ते तिघींत वाढ.